भिंगारच्या पत्त्यात ४१४ कुठून आलं? देशाला पिन कोड देणाऱ्या कोकणातल्या संस्कृत कवीची गोष्ट

महाराष्ट्रात भिंगार नावाची गावं एकाहून जास्त आहेत.

एक भिंगार नगर शहराला खेटून आहे. लष्करी छावणीचं गाव. १७०७ साली औरंगजेबाचा मृत्यू झाला, तो याच परिसरात. दुसरं भिंगार रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात.

आता समजा, कुणी पाकिटावर नाव लिहिलं, खाली नुसतं 'भिंगार' लिहिलं आणि पाकीट पेटीत टाकलं. हे पत्र घाटावर जायचं की पनवेलला? कोलकात्यात किंवा चेन्नईत बसलेल्या टपाल कर्मचाऱ्याला हे कळणार तरी कसं?

त्याला भिंगार माहीत असायची गरज नाही. फक्त शेवटच्या ओळीतले सहा आकडे बघायचे. ४१४ ने सुरुवात झाली की थैली नगरकडे, ४१० ने झाली की पनवेलच्या बाजूला. मराठी वाचता आलं नाही तरी काही अडत नाही.

आज हे इतकं अंगवळणी पडलंय की कुणीतरी बसून हे ठरवलं असेल, असं मनातही येत नाही. पण ते ठरवलं गेलं होतं. त्यामागचं डोकं म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं, ते होते एक मराठी अधिकारी. दिवसा टपाल खात्याचं काम आणि मनात सतत संस्कृत. त्यांचं नाव श्रीराम भिकाजी वेलणकर.

आडनावातच गावाचा पत्ता

वेलणकरांचा जन्म २२ जून १९१५ चा. आडनावामागचं गाव वेळणेश्वर, तालुका गुहागर, जिल्हा रत्नागिरी. समुद्रकिनारा, शंकराचं देऊळ, नारळी-पोफळीच्या बागा असं अगदी चित्रातलं कोकणी गाव. वेलणकर या आडनावातच ते गाव डोकावतं.

तेव्हाच्या कोकणात पोस्टाला काय किंमत होती, हे आज सांगून पटणार नाही.

घरोघरचे कमावते पुरुष मुंबईत. कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी कचेरीत. कोकणात रेल्वे नव्हती. ती पूर्णपणे सुरू व्हायला १९९८ साल उजाडावं लागलं. गाव आणि मुंबई यांच्यामध्ये होती ती बोट, घाटातली खडतर वाट आणि पोस्टमन. चाकरमान्याची ख्यालीखुशाली पत्रातून कळायची आणि घरखर्च मनीऑर्डरने यायचा. मनीऑर्डरची सोय देशात १८८० पासून होती आणि कोकणातली कितीतरी घरं तिच्यावर चालायची.

म्हणजे पत्ता चुकला, तर नुसता कागद हरवत नव्हता. कुणाच्या तरी घरची चूल त्या पत्त्यावर अवलंबून होती.

अशा मुलखात जन्मलेले वेलणकर पुढे देशाच्या टपाल आणि तार खात्यात दाखल झाले. चढत चढत ते टपाल आणि तार मंडळाचे वरिष्ठ सदस्य झाले, केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिवपदापर्यंत पोचले. टपालाची व्यवस्था कुठे अडते, हे जिथून सगळ्यात स्पष्ट दिसावं, अशा जागी हा माणूस बसला होता.

आणि ती अडत होती.

एक लाख पोस्ट ऑफिसं आणि माणसाची स्मरणशक्ती

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशात २३,३४४ पोस्ट ऑफिसं होती. त्यानंतर खात्याने गावोगाव नवी कार्यालयं उघडायचा सपाटा लावला. १९६८ मध्ये देशातलं एक लाखावं पोस्ट ऑफिस सुरू झालं आणि त्या निमित्ताने खास तिकीटही निघालं. एकवीस वर्षांत संख्या चौपटीच्या वर गेली.

अभिमानाची गोष्ट होतीच. पण छाननी करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या बाजूने बघा.

पत्र पेटीतून निघालं की कुठेतरी एक माणूस ते हातात घेतो, पत्ता वाचतो आणि समोरच्या योग्य खणात टाकतो. याला खात्याच्या भाषेत सॉर्टिंग म्हणतात. रेल्वे मेल सर्व्हिस, म्हणजे आरएमएस, हे काम चालत्या गाडीत करायची. डबा हलतोय, पुढचं स्टेशन जवळ येतंय आणि त्याआधी थैली बांधून तयार हवी. कोणतं गाव कोणत्या पोस्ट ऑफिसच्या हद्दीत, ते पोस्ट ऑफिस कोणत्या मार्गावर, थैली कोणत्या स्टेशनवर उतरवायची, हे सगळं डोक्यात पाठ असावं लागायचं.

मार्ग पाठ करणं हाच त्या नोकरीचा कणा होता. पण एक लाख नावं कोण पाठ करणार?

त्यात अडचणी तीन.

पहिली, एकसारखी नावं. एकट्या नगर तालुक्यात पिंपळगाव माळवी, पिंपळगाव उज्जैनी, पिंपळगाव लांडगा अशी पिंपळगावं आहेत. राज्यभरातली पिंपळगावं आणि वडगावं मोजायला बसलं तर दिवस जाईल. औरंगाबाद महाराष्ट्रात होतं, तसंच ते बिहारमध्येही आहे.

दुसरी, भाषा आणि लिपी. १९७२ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत १५ भाषा होत्या. पत्र लिहिणारा पत्ता आपल्या भाषेत लिहिणार, आणि ते त्याने का लिहू नये? पण मल्याळममधला पत्ता पाटण्यात, किंवा मराठीतला पत्ता मदुराईत कोण वाचणार? एकच गाव इंग्रजीत चार जण चार स्पेलिंगने लिहायचे, ते वेगळंच.

तिसरी, नावं बदलत होती आणि हद्दीही. १९५६ ला भाषावार राज्यं झाली, १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, १९६६ ला पंजाबातून हरियाणा निघालं, १९६९ ला मद्रास राज्याचं तामिळनाडू झालं. पाठ केलेला नकाशा काही वर्षांत जुना व्हायचा.

थोडक्यात, नावाच्या भरवशावर चालणारी व्यवस्था नावांमध्येच गुंतून पडली होती.

बाहेरच्या देशांनी काय केलं होतं?

ही डोकेदुखी एकट्या भारताची नव्हती.

लंडन शहर पसरलं तेव्हा १८५७ साली तिथे टपालासाठी विभाग पाडले गेले आणि त्यांना दिशांवरून अक्षरं दिली. जर्मनीने १९४१ मध्ये देशभरासाठी आकड्यांची पद्धत आणली. अमेरिकेत १९४३ मध्ये मोठ्या शहरांना विभाग क्रमांक मिळाले. अनुभवी कर्मचारी महायुद्धावर गेले होते आणि नव्यांना शहरं पाठ नव्हती. पुढे १९६३ मध्ये तिथे पाच आकडी झिप कोड आला. जपानने १९६८ मध्ये आपली पद्धत सुरू केली.

इंग्लंड आणि कॅनडाने अक्षरं आणि आकडे एकत्र वापरले. तिथे एकच लिपी सगळ्यांना येत होती, त्यामुळे ते जमून गेलं.

भारतात असं करायचं तर अक्षरं कोणत्या भाषेची घ्यायची, इथूनच वादाला तोंड फुटलं असतं. आकड्यांना तो त्रास नाही. बाजारहाट करणाऱ्या, बसचा नंबर बघणाऱ्या, पगाराचे पैसे मोजणाऱ्या माणसाला आकडे कळतात, मग त्याची भाषा कोणतीही असो.

आपल्याकडेही सुरुवात अगदीच शून्यातून नव्हती. मोठ्या शहरांत विभाग क्रमांक आधीपासून होते. जुन्या पाकिटांवर, लग्नपत्रिकांवर, पुस्तकांच्या पहिल्या पानांवर मुंबई-२८, पुणे-३०, नवी दिल्ली-१ असं छापलेलं दिसतं, ते हेच. पण ही सोय फक्त शहरांपुरती होती. वेळणेश्वरला किंवा भिंगारला कसलाच आकडा नव्हता.

वेलणकरांच्या योजनेने हा हिशोब बदलला. आकडा शहरालाही मिळणार आणि खेड्यालाही, आणि दोन्हीकडे तो सारख्याच लांबीचा असणार.

सहा आकडे काय सांगतात?

योजनेचं नाव होतं पोस्टल इंडेक्स नंबर. त्याची आद्याक्षरं जोडून झालं पिन. यात नंबर हा शब्द आधीच आहे, त्यामुळे आपण 'पिन कोड नंबर' म्हणतो तेव्हा नंबर दोनदा म्हणतो. असो, सगळेच म्हणतात.

आपण पत्ता लिहितो तो लहानाकडून मोठ्याकडे. आधी माणूस, मग घर, गल्ली, गाव, तालुका, जिल्हा. पण टपाल छानणाऱ्याला नेमकं उलटं लागतं. त्याला आधी कळायला हवं की पत्र देशाच्या कोणत्या भागात जायचंय. गल्लीची वेळ सगळ्यात शेवटी येते.

पिन कोड ही गरज ओळखून बनवलाय. तो डावीकडून उजवीकडे मोठ्याकडून लहानाकडे जातो.

नगरच्या मुख्य पोस्ट ऑफिसचा ४१४००१ घ्या.

पहिला आकडा ४. देशाचे आठ टपाल विभाग केले गेले आणि महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि आजचं छत्तीसगड यांना मिळाला ४. दिल्ली, पंजाब, हरियाणा, हिमाचल, जम्मू-काश्मीर १ मध्ये. उत्तर प्रदेश आणि उत्तराखंड २ मध्ये. राजस्थान आणि गुजरात ३ मध्ये. आंध्र, तेलंगण, कर्नाटक ५ मध्ये. तामिळनाडू आणि केरळ ६ मध्ये. बंगाल, ओडिशा आणि ईशान्य भारत ७ मध्ये. बिहार आणि झारखंड ८ मध्ये.

पहिले दोन आकडे मिळून उपविभाग. ४० ते ४४ म्हणजे महाराष्ट्र आणि गोवा. गोव्याचे कोड ४०३ ने सुरू होतात, कारण टपालाच्या नकाशात गोवा महाराष्ट्र सर्कलमध्येच येतो. ४५ ते ४८ मध्य प्रदेश, ४९ छत्तीसगड.

पहिले तीन मिळून छाननीचा जिल्हा, म्हणजे जिथे त्या भागाची डाक एकत्र येते आणि वेगळी होते ती जागा. ४०० मुंबई, ४११ पुणे, ४२२ नाशिक, ४१४ नगर.

शेवटचे तीन आकडे प्रत्यक्ष वाटप करणाऱ्या पोस्ट ऑफिसचे. मुख्य कार्यालयाला बहुतेक ठिकाणी ००१. मुंबई ४००००१, पुणे ४११००१, पणजी ४०३००१. नगरच्या कॅम्प भागातल्या पोस्ट ऑफिसला ४१४००२.

यातली गंमत अशी की मुंबईतल्या कर्मचाऱ्याला नगरच्या पत्रासाठी पहिले तीन आकडे पुरतात. शेवटच्या तिनांशी त्याचा संबंध नाही, ते नगरवाले बघतील. प्रत्येक टप्प्यावरच्या माणसाने आपल्या कामापुरतं वाचायचं. एक लाख नावं पाठ करायची गरजच संपली.

शहरांचे जुने क्रमांकही वाया गेले नाहीत. मुंबई-२८ चं झालं ४०००२८, पुणे-३० चं ४११०३०, नवी दिल्ली-१ चं ११०००१. लोकांच्या डोक्यात बसलेला आकडा तसाच ठेवून त्याच्यापुढे नवे आकडे लावले. त्यामुळे शहरातल्या माणसाला नवीन काही शिकतोय असं वाटलंच नाही.

नगर जिल्ह्याचे चार तुकडे

पिन कोडबद्दलचा एक मोठा गैरसमज इथेच दूर करू. पहिले तीन आकडे म्हणजे सरकारी जिल्हा, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही.

नगर जिल्ह्यात १४ तालुके आहेत. त्यांच्या मुख्य गावांचे पिन कोड बघा.

नगर, पारनेर, पाथर्डी, शेवगाव, नेवासा, कर्जत: सुरुवात ४१४.

श्रीगोंदा, जामखेड, राहुरी, श्रीरामपूर: सुरुवात ४१३.

संगमनेर, अकोले: सुरुवात ४२२, म्हणजे नाशिकच्या गटात.

कोपरगाव, राहाता, शिर्डी: सुरुवात ४२३.

एकच जिल्हा, एकच कलेक्टर, पण टपालाच्या नकाशात चार तुकडे. आणि ज्या ४१३ मध्ये श्रीरामपूर आहे, त्याच ४१३ मध्ये सोलापूर, बारामती, दौंड, धाराशिव आणि लातूरही आहेत.

याचं कारण सरळ आहे. कलेक्टर कचेरी कुठे आहे याच्याशी पत्राला देणंघेणं नसतं. डाक कोणत्या बाजूने येते आणि तिची छाननी कुठे होते, यावर आकडा ठरतो. अकोले-संगमनेर नाशिकच्या अंगाला, म्हणून आकडा नाशिकच्या घरातला. ठाणे शहर वेगळ्या जिल्ह्यात असूनही तिथले कोड मुंबईसारखे ४०० ने सुरू होतात, तेही याच हिशोबाने.

आता एक योगायोग. वेलणकरांच्या आडनावातल्या गावाचा, वेळणेश्वरचा पिन कोड आहे ४१५७२९. नगरचा गट ४१४, वेळणेश्वरचा ४१५. एक दुष्काळी पठारावर आणि दुसरं समुद्राच्या काठावर, मध्ये अख्खा सह्याद्री. तरी पाकिटावर दोघं शेजारी.

भिंगारच्या माणसाला हे वेगवेगळे नकाशे रोजच भेटतात. गाडीवर एमएच-१६, पण त्याच जिल्ह्यातल्या श्रीरामपूरच्या गाडीवर एमएच-१७. लँडलाइनचा कोड ०२४१. २०११ च्या जनगणनेत राज्याचा आकडा २७ आणि जिल्ह्याचा ५२२. गाव तेच, पण प्रत्येक खात्याने आपल्या कामाप्रमाणे त्याला वेगळा नंबर दिलाय. गाडीचा नंबर नोंदणी कुठे झाली ते सांगतो, जनगणनेचा नंबर मोजणी कुठे झाली ते सांगतो. पत्र कोणत्या वाटेने जायचं ते सांगतो पिन कोड.

पत्ता लपवणारा आकडा

आठ विभागांचं झालं, पण पिन कोडमध्ये ९ पण आहे. तो कुठल्याच राज्याचा नाही. तो लष्कराचा.

भिंगारकरांना हे वेगळं सांगायला नको. रणगाड्यांच्या आर्मर्ड कोअरचं केंद्र आणि शाळा इथे. मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटरही नगरलाच. इथे शिकून बाहेर पडलेला जवान उद्या वाळवंटात असेल, परवा बर्फात. त्याच्या घरच्यांनी पत्र कुठे पाठवायचं?

गावाचं नाव लिहायचं नाही. जवानाचा क्रमांक, नाव, युनिट, पुढे ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ आणि ९ ने सुरू होणारा सहा आकडी पिन, इतकंच. पत्र सेनेच्या टपाल सेवेकडे जातं आणि युनिट आत्ता कुठे आहे ते फक्त तिला माहीत असतं. युनिट हललं तरी घरच्यांना पत्ता बदलावा लागत नाही. आणि पाकीट चुकीच्या हाती पडलं तरी फौज कुठे आहे ते कळत नाही.

पिन कोड आला त्याच्या जेमतेम आठ महिने आधी, डिसेंबर १९७१ मध्ये, बांगलादेशचं युद्ध संपलं होतं. सीमेवरच्या पत्राची किंमत देशाला नव्याने कळली होती.

बाकीचे आठ आकडे जागा सांगतात. नववा तीच जागा झाकून ठेवतो, आणि तरीही पत्र पोचवतो. भिंगारमध्ये दोन्ही प्रकारचे पत्ते एकाच रस्त्यावर सापडू शकतात. गावातल्या दुकानदाराचा ४१४ चा आणि पलीकडच्या छावणीतल्या एखाद्या युनिटचा ९ चा.

१५ ऑगस्ट १९७२

पिन कोड लागू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला. स्वातंत्र्याला त्या दिवशी पंचवीस वर्षं पूर्ण झाली होती.

अशी योजना एका माणसाच्या टेबलावर पूर्ण होत नाही. पोस्ट ऑफिसांना आकडे द्यायचे, याद्या छापायच्या, कर्मचाऱ्यांना शिकवायचं आणि सगळ्यात अवघड म्हणजे लोकांना सवय लावायची. त्याला अख्खं खातं कामाला लागलं. पोस्टकार्डावर आणि आंतरदेशीय पत्रांवर सहा चौकोन छापले जाऊ लागले. रिकामे चौकोन दिसले की ते भरावेसे वाटतात, माणसाचा स्वभावच असा आहे. कागदावरचे ते सहा चौकोन बघत एक अख्खी पिढी पिन कोड लिहायला शिकली.

नेमका त्याच सुमारास नावांचा खेळ चालूच होता. पिन कोड आला आणि सव्वा वर्षाच्या आत, १ नोव्हेंबर १९७३ ला, म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं. पाकिटावरचे आकडे मात्र तेच राहिले.

दुसरं आयुष्य: शब्दांचं

इथपर्यंत वाचून वाटेल, वेलणकर म्हणजे आकड्यांत रमणारा माणूस. पण त्यांची खरी ओढ होती संस्कृतची.

नोकरी सांभाळून त्यांनी संस्कृतमध्ये काव्यं लिहिली, नाटकं लिहिली. त्यांच्या नावावर शंभराहून जास्त पुस्तकं आणि नाटकं सांगितली जातात. मुंबईत त्यांनी 'देववाणी मंदिरम्' नावाची संस्था उभी केली. संस्कृत ही पूजेपुरती किंवा परीक्षेपुरती राहू नये, ती लोकांच्या कानावर पडावी, रंगमंचावर ऐकू यावी, यासाठी ती संस्था झटली.

त्यांच्या रचनांमध्ये विलोमकाव्याचं नाव आवर्जून घेतलं जातं. विलोमकाव्य म्हणजे सरळ वाचलं तर एक अर्थ आणि तेच श्लोक उलटे वाचले तर दुसरा. वेलणकरांच्या काव्यात एका बाजूने वाचताना रामाची स्तुती आहे आणि उलट वाचताना कृष्णाची. संस्कृतात ही परंपरा जुनी आहे आणि ती पेलणं भल्याभल्यांना जमत नाही. प्रत्येक अक्षर दोन्ही दिशांनी अर्थ देईल अशाच जागी बसवावं लागतं. एक अक्षर हललं की सगळा डोलारा कोसळतो.

ज्याला अक्षराच्या जागेचं मोल इतकं कळतं, त्याच्या योजनेत आकड्याच्या जागेला अर्थ असणारच. पिन कोडमध्येही आकड्याइतकीच त्याची जागा महत्त्वाची आहे. पहिल्या जागेवरचा ४ अख्खा प्रदेश सांगतो. तोच ४ शेवटच्या जागेवर आला तर फक्त एक पोस्ट ऑफिस.

नोकरीच्या शेवटच्या काळात त्यांच्याकडे आणखी एक मोठी जबाबदारी होती. १९७३ मध्ये नवी दिल्लीत इंडिपेक्स हे टपाल तिकिटांचं जागतिक प्रदर्शन भरलं. शंभराहून जास्त देशांचा सहभाग असलेल्या या प्रदर्शनाची धुरा वेलणकरांकडे होती. त्याच वर्षाच्या अखेरीस ते निवृत्त झाले.

निवृत्तीनंतर संस्कृतचं काम चालूच राहिलं. १९९६ मध्ये संस्कृतसाठीच्या राष्ट्रपती पुरस्काराने त्यांचा गौरव झाला. लक्षात घ्या, हा सन्मान संस्कृतच्या सेवेसाठी होता. पिन कोडचा त्याच्याशी संबंध नव्हता. १९९९ मध्ये त्यांचं निधन झालं.

देशातला जवळपास प्रत्येक माणूस त्यांच्या योजनेतला एक आकडा पाठ म्हणून दाखवू शकत होता. त्यातल्या बहुतेकांना त्यांचं नाव ठाऊक नव्हतं.

माणूस गेला, आकडा टिकला

वेलणकर गेल्यानंतर पुढच्याच वर्षी, २००० मध्ये, छत्तीसगड, उत्तराखंड आणि झारखंड ही राज्यं झाली. २०१४ मध्ये तेलंगण झालं. नकाशे बदलले, पाठ्यपुस्तकं बदलली. रायपूरच्या माणसाचा पिन कोड ४ नेच सुरू होत राहिला.

आपल्याकडेही औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, तरी ४३१००१ तोच. उस्मानाबादचं धाराशिव झालं, ४१३५०१ तोच. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. शाळांच्या, बँकांच्या, कचेऱ्यांच्या पाट्या बदलायला घेतल्या. जुनं नाव लिहिणारे अजून आहेत, नवं लिहिणारे आहेत आणि नुसतं 'नगर' म्हणणारे तर कायमचेच आहेत. तिघांचीही पत्रं भिंगारला पोचतात, कारण खाली ४१४ आहे.

नावावरून माणसं भांडतात, कारण नावात इतिहास असतो, अभिमान असतो, दुखणंही असतं. ते व्हायचंच. पण त्या भांडणात कुणाची पेन्शन, कुणाचं नोकरीचं पत्र, कुणाचं औषध अडून राहू नये, इतकी सोय १९७२ मध्ये करून ठेवलेली आहे.

पत्रं आता कमी झाली. पिन कोडचं काम मात्र वाढलंय. आधार कार्ड, बँक खातं, गॅस, विमा, मोबाइलवरून मागवलेले बूट, सगळीकडे तो विचारला जातो. ऑनलाइन खरेदी करताना सामान तुमच्याकडे येणार की नाही, हे ॲप आधी पिन कोडवरूनच ठरवतं. एखाद्या वाडीतल्या माणसाला 'या पिन कोडवर सेवा उपलब्ध नाही' असं वाचावं लागतं, तेव्हा तोच आकडा दार बंद झाल्याचंही सांगतो. पत्र पोचवण्यासाठी बनलेली खूण कुणाला वगळायचं हे ठरवायलाही वापरली जाऊ लागली, ही तिची आजची दुसरी बाजू.

त्याची मर्यादाही आहे. देशात पोस्ट ऑफिसं दीड लाखाच्या वर आणि पिन कोड सुमारे १९ हजार. म्हणजे एका कोडखाली अनेक गावं, कित्येक वाड्या. पोस्टमनला घरं ओळखीची असायची, त्यामुळे ते चालून जायचं. रोज नवा येणारा डिलिव्हरीवाला मात्र देवळापासून डावीकडे, मग पिंपळाजवळ, असं विचारत फिरतो. म्हणूनच टपाल विभागाने २०२५ मध्ये डिजिपिन आणला. अक्षरं आणि आकडे मिळून दहा खुणांचा हा कोड देशातल्या सुमारे चार मीटर बाय चार मीटरच्या प्रत्येक चौकोनाला वेगळी ओळख देतो. मोठ्या चौकोनातून लहान चौकोनात जायचं, हे तत्त्व मात्र त्यातही आहेच.

पुढे काय टिकेल ते काळ ठरवेल. आज तरी पत्ता विचारणारा पहिला प्रश्न गावाचा विचारतो आणि दुसरा पिन कोडचा. गुहागरच्या किनाऱ्यावर वेळणेश्वरला काही पाठवायचं झालं, तर पाकिटावर शेवटी त्यांच्याच योजनेतले आकडे लिहावे लागतात: ४१५७२९.